कोथिंबीर की पालक? तक्ते शंभर ग्रॅमचे, पानात पडते चिमूटभर

ओंजळ

मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत आहे. गेले दोन-तीन महिने फार दमायची, जिना चढून आली की धाप लागायची. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.८. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात आणि ती त्या नियमित घेते. तेव्हा गोळ्या द्याव्यात की नको हा या धाग्याचा विषय नाही. विषय आमच्या स्वयंपाकघरातला आहे.

सासूबाई म्हणतात, रोज पालक दे, रक्त वाढतं. मोठ्या जाऊबाईंनी घरच्या ग्रुपवर एक तक्ता टाकला, त्यात कोथिंबिरीत पालकाच्या जवळजवळ दुप्पट लोह दाखवलंय. मुलगी पालकाला हात लावत नाही, पण कोथिंबीर मात्र मनापासून खाते. वडी, चटणी, कोशिंबिरीवर मूठभर, काहीही. त्यामुळे मला तो तक्ता खरा ठरावा असं मनातून वाटतंय, आणि म्हणूनच माझा माझ्यावर भरवसा नाही.

स्वतः शोधलं तर गोंधळ वाढला. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात १०० ग्रॅम कच्च्या पालकात लोह २.७ मिग्रॅ आणि कोथिंबिरीत १.८. कॅल्शियम पालकात ९९, कोथिंबिरीत ६७. फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) पालकात १९४ मायक्रोग्रॅम, कोथिंबिरीत ६२. क जीवनसत्त्व जवळपास सारखं, २८ आणि २७. उष्मांक दोन्हींत २३. म्हणजे पालक पुढे.

मग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७ चा तक्ता पाहिला. तिथे सगळं उलटं! कोथिंबिरीत लोह ५.३, पालकात २.९५. कॅल्शियम कोथिंबिरीत १४६, पालकात ८२. फोलेटमध्ये तेवढा पालक पुढे. दोन्ही सरकारी तक्ते, दोन्ही प्रयोगशाळेत मोजलेले. मग खरं कुठलं मानायचं? जाणकारांनी कृपया सांगा.

चुलवण

ओंजळ, आधी लेकीला बरं वाटू दे. गोळी चहाबरोबर घेत नाही ना ती? बाकी नंतर बोलू.

ओंजळ

नाही काकू, पाण्याबरोबरच घेते. पण जेवण झाल्या झाल्या चहा पिते, अभ्यासाला बसायचं म्हणून.

चुलवण

तो चहा तासभर पुढे ढकल. आमच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या सुनेला बाळंतपणात हेच सांगितलं होतं.

अन्नमिती

चुलवण काकूंनी सुरुवात योग्य ठिकाणी केली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेतही जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळा असं लिहिलंय. चहातली टॅनिन्स लोहाला पकडून ठेवतात. मग ते पालकातलं असो, कोथिंबिरीतलं असो किंवा गोळीतलं.

मी आहारतज्ज्ञ आहे. ओंजळ, तुमचा प्रश्न मला रोज विचारला जातो, फक्त भाज्यांची नावं बदलतात. जरा सविस्तर लिहिते.

दोन्ही तक्ते खरे आहेत. फरक का पडतो ते बघायला लोहाचा रकाना सोडा आणि पाण्याचा रकाना बघा. अमेरिकन तक्त्यातली कोथिंबीर ९२ टक्के पाणी आहे, आपली सुमारे ८७ टक्के. पाच टक्क्यांचा फरक वाचायला किरकोळ वाटतो. पण पाणी काढून टाकलं तर शंभर ग्रॅममध्ये तिकडे आठ ग्रॅम ऐवज उरतो आणि इकडे तेरा. म्हणजे आपल्या जुडीत मुळातच दीडपटीहून जास्त कोथिंबीर आहे. उरलेला फरक वाण, माती, पाण्याचा पुरवठा, किती देठ घेतले आणि पान किती स्वच्छ धुतलं यावर जातो. पालकाचं पाणी मात्र दोन्हीकडे ९०-९१ टक्के आहे. आता बघा, पालकाचं लोहही दोन्हीकडे जवळपास सारखंच आहे की नाही? २.७ आणि २.९५.

पान किती स्वच्छ धुतलं हे मी उगाच लिहिलं नाही. मातीत भरपूर लोह असतं. धुळीचा कण पानावर राहिला की तो यंत्राला पानातलंच लोह वाटतो. आपल्याच संस्थेच्या जुन्या पुस्तकात पालकाचं लोह १०.९ मिग्रॅ होतं. सुधारित आवृत्तीत ते १.१४ झालं, आणि आता २.९५ आहे. भाजी तीच, पण मोजण्याची रीत आणि काळजी सुधारत गेली. ज्यांनी १०.९ वाचून शाळेत पाठ केलं त्यांच्या डोक्यात पालक म्हणजे लोह हे समीकरण पक्कं बसलं. ओंजळ, सासूबाईंचा दोष नाही. त्यांनी जे ऐकलं ते त्या वेळच्या पुस्तकातच होतं.

पालकाचं लोह दशांशचिन्ह चुकल्यामुळे दहापट छापलं गेलं, अशी एक गोष्टही नेहमी सांगितली जाते. तिचा मूळ पुरावा शोधायला गेलेल्यांना तो सापडला नाही. ती गोष्ट पुढे पाठवू नका.

सांबारवडी

वाचून राहिलो आहे, फार छान माहिती. एक शंका. आमच्या नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि हिवाळ्यात सांबारवडी करतात, एकेका वडीत मूठभर सांबार जातो. तुमच्या पुण्या-मुंबईकडे चार पानं वरून टाकली की झाली कोथिंबीर. मग तुलना करायची तर कोणत्या कोथिंबिरीची करायची?

अन्नमिती

तुम्ही अगदी मुद्द्याला हात घातलात. खरं म्हणजे सगळा धागा इथेच सुटतो.

तुम्हाला गंमत वाटेल, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या त्या तक्त्यात पालक हिरव्या पालेभाज्यांच्या गटात आहे, पण कोथिंबीर तिथे नाही. ती हिरवी मिरची, लसूण, आलं, कढीपत्ता आणि पुदिना यांच्या पंगतीत, ताज्या मसाल्यांत बसवली आहे. तक्ता करणाऱ्यांनी वनस्पती पाहिली नाही, वापर पाहिला. पालक वाटीने खातात, कोथिंबीर चिमटीने. भाजीवालीसुद्धा पालकाचे पैसे घेते आणि चार मिरच्या, थोडी कोथिंबीर वर घालते.

आता हिशेब करू. पोह्यांवर, आमटीवर, कोशिंबिरीवर मिळून दिवसभरात एका माणसाच्या पोटात साधारण ५ ते १० ग्रॅम कोथिंबीर जाते. १० ग्रॅम धरली तरी लोह अर्धा मिग्रॅ, कॅल्शियम १५ मिग्रॅ. पालकाची अडीचशे ग्रॅमची निवडलेली जुडी तिघांत खाल्ली तर एकाच्या वाट्याला ८० ग्रॅम येतो. त्यात लोह सुमारे २.४ मिग्रॅ आणि फोलेट शंभर मायक्रोग्रॅमच्या वर, अर्थात शिजवताना थोडं जाणार. तक्त्यात कोथिंबीर जिंकली, ताटात पालक जिंकला.

पण सांबारवडी केली की चित्र पालटतं. निवडलेली दीडशे ग्रॅम कोथिंबीर आणि त्यातून वीस वड्या, म्हणजे एका वडीत साडेसात ग्रॅम. पाच वड्या खाल्ल्या की ३७-३८ ग्रॅम पोटात जाते, लोह जवळपास २ मिग्रॅ. बेसनाचं लोह वेगळं. म्हणजे कोथिंबिरीची भाजी केली तर ती भाजीसारखी वागते, वरून भुरभुरवली तर ती वासापुरती. ओंजळ, तुमच्या मुलीला वडी आवडते ना? मग तिच्यासाठी कोथिंबीर ही भाजीच आहे असं धरा.

ओंजळ

अन्नमिती, खूप खूप आभार. पाण्याचा रकाना मी पाहिलाच नव्हता! आता दुसरी शंका, पालकातलं लोह अंगी लागतच नाही असंही वाचलं. मग तो ८० ग्रॅमचा हिशेब कशाला करायचा?

शेतबांध

मॅडम उत्तर देतीलच, तोवर पाण्यावरून सांगतो. दिंडोरी तालुक्यात आमची दोन एकर कोथिंबीर असते. पेरल्यापासून ३५ ते ४५ दिवसांत काढायला येते. काढणीच्या आदल्या दिवशी पाणी दिलं की पान टवटवीत, जुडी जड. नंतर बाजारात दिवसभर पाणी मारतात तो भाग वेगळा. गावठी कोथिंबिरीचं पान लहान, देठ बारीक, वास दूरवर जातो. हायब्रीड दिसायला भरदार आणि टिकते जास्त. घरी खायला आम्ही बांधावरची गावठीच आणतो. पावसाळ्यात ढगाळ हवेत पान लुसलुशीत होतं पण लवकर सडतं, आणि चिखल मुळापासून वर दोन बोटं चढलेला असतो. एकदा पाण्यातून काढून ती धुतली असं समजू नका. तीन पाण्यांनी धुवा, आणि पातेलं तिरकं करून पाणी ओतू नका, जुडी वर उचला. माती तळाशी बसते. पाणी ओतलं की तीच माती परत पानांवर येते.

भाव पडला की शेतकरी कोथिंबिरीवर नांगर फिरवतो ते तुम्ही बातम्यांत बघता. त्या आठवड्यात जुडी अगदी स्वस्त असते. तेव्हा चिमटीने नका वापरू, वड्या करा, थालीपिठात घाला. आमचंही भलं होईल.

चुलवण

शेतबांध दादा, जुडी वर उचलून घ्यायची हे माझ्या आईने शिकवलं होतं. आजकाल कुणी सांगत नाही हो.

अन्नमिती

शेतबांध, पाणी आणि ढगाळ हवेबद्दल लिहिलंत ते तक्त्यात कुठेच सापडत नाही. धन्यवाद.

ओंजळ, आता अंगी लागण्याबद्दल. वनस्पतीतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं. आपल्या पोळी-भात-डाळीच्या जेवणातून साधारण ५ ते ८ टक्के. हे एकट्या पालकाचं नाही, बाजरीचं, हरभऱ्याचं, कोथिंबिरीचंही तसंच. म्हणून तर तिच्या वयाच्या मुलीची रोजची गरज ३० मिग्रॅच्या आसपास सांगितली जाते. त्यातलं थोडंच आत जाणार हे धरूनच तो आकडा ठरवलेला असतो. तेव्हा पालकातलं लोह लागतच नाही असं नाही. ते थोडं लागतं, आणि लिंबू पिळलं की जास्त लागतं.

पालकात जे खरोखर अडकतं ते कॅल्शियम. पालक ऑक्झलेटने, म्हणजे खनिजांना चिकटणाऱ्या एका आम्लाच्या क्षाराने, भरलेला असतो. पालक खाल्ल्यावर दात खरखरीत लागतात ना, ते त्यामुळेच. हे ऑक्झलेट कॅल्शियमला असं धरून बसतं की पालकातल्या कॅल्शियमपैकी जेमतेम ५ टक्के शरीर घेतं. दुधातलं मात्र २७-२८ टक्के घेतं. आता ८२ मिग्रॅच्या ५ टक्के किती? चार मिग्रॅ. पेलाभर, म्हणजे २०० मिली दुधातून साठ-पासष्ट मिग्रॅ मिळतं. त्यामुळे पालकाच्या तक्त्यातल्या कॅल्शियमच्या आकड्यावर काट मारा. कोथिंबिरीत ऑक्झलेट पालकाच्या मानाने फारच कमी आहे, तिथलं कॅल्शियम असं अडकून पडत नाही. मेथीचंही तसंच. कॅल्शियमपुरतं बोलायचं तर मी डोळे मिटून कोथिंबीर, मेथी आणि शेवग्याचा पाला यांच्या बाजूने आहे.

फोलेट आणि अ जीवनसत्त्वाचं कॅरोटिन यांत पालक चांगलाच आहे आणि तो मी कुणाला सोडायला सांगणार नाही. हिमोग्लोबिनसाठी फोलेटही लागतं. फक्त हे लक्षात ठेवा की फोलेट आणि क जीवनसत्त्व उकळलेल्या पाण्यात निघून जातात. पालक धुतल्यावर पानांना चिकटलेलं पाणी त्याला शिजायला पुरतं, वरून घालू नका. आणि कॅरोटिन शोषायला थोडी चरबी लागते, तेव्हा फोडणी हवीच.

हिरवाकंच

सगळ्यांचं वाचलं, पण एक महत्त्वाचं राहिलं. आम्ही वर्षभर रोज सकाळी रिकाम्या पोटी कोथिंबीर-पालकाचा ग्लासभर रस घेतो. किडनी साफ होते, शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात. मला स्वतःला खूप हलकं वाटतं. ओंजळ ताई, मुलीला हेच द्या, शिजवल्याने सगळं मरतं.

अन्नमिती

हिरवाकंच, तुम्हाला बरं वाटतंय याचा आनंद आहे. पण ही गोष्ट मी गप्प बसून वाचू शकत नाही, कारण इथे वाचणाऱ्या एखाद्याला मुतखडा असेल.

मूत्रपिंड ही कोथिंबिरीने घासून साफ करायची वस्तू नाही. शरीरातलं नको ते गाळून बाहेर टाकणं हे तिचंच काम, आणि त्यासाठी तिला पाणी लागतं, रस नाही. उलट ग्लासभर रसात दीड-दोनशे ग्रॅम कच्चा पालक सहज जातो, सगळ्या ऑक्झलेटसकट. तोही रिकाम्या पोटी, म्हणजे ते ऑक्झलेट आतड्यात अडवायला दूध-दह्याचं कॅल्शियमही नाही. ते थेट रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात. रोज भरपूर हिरवे रस पिऊन मूत्रपिंडाला गंभीर इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. शिवाय शेतबांध यांनी चिखलाचं लिहिलंच आहे. पावसाळ्यात न शिजवलेल्या पालेभाजीचा रस म्हणजे पोट बिघडायला आमंत्रण.

तुम्हाला रस बंद करा असं मी इथून सांगणार नाही, मी तुमची डॉक्टर नाही. पण त्यातला पालक काढा, आणि एकदा लघवीची व क्रिएटिनिनची (मूत्रपिंड नीट काम करतं का ते दाखवणारी रक्ताची) तपासणी करून घ्या. मनापासून सांगते.

हिरवाकंच

मुतखड्याचं माहीत नव्हतं. माझ्या भावाला होता. पालक आजपासून बंद करतो, तपासणी करून कळवतो.

संथवाहिनी

बाबांना मुतखडा होऊन गेलाय आणि त्यांना ताकातली पालकाची पातळ भाजी प्राणापेक्षा प्रिय. आम्ही तीन वर्षं घरात पालकच आणला नाही. अन्नमिती, तुम्ही दूध-दह्याचं लिहिलंत त्यावरून विचारते, ताकातला पालक चालेल का?

अन्नमिती

संथवाहिनी, आपल्या आज्यांनी हे रसायनशास्त्र शिकून केलं नसेल, पण ताकातला पालक ही पालक खायची सगळ्यात शहाणी रीत आहे. ताकातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि ते शौचावाटे निघून जातं, मूत्रपिंडापर्यंत कमी पोचतं. मुतखडा होऊन गेलेल्यांसाठी पालक आधी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं, विरघळणारं ऑक्झलेट बरंच त्यात जातं. मग ताक, बेसन, डाळ-दाणे घालून पातळ भाजी. फोलेट थोडं जाईल, जाऊ दे, बाबांना ते दुसरीकडून मिळेल. महिन्यातून एखाद-दोन वेळा, लहान वाटी, दिवसभर पाणी नीट प्यायलं तर. पण त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा, खडा कशाचा होता त्यावर सगळं आहे.

हेच ताक ओंजळच्या मुलीसाठी मात्र गोळीच्या वेळी नको. कॅल्शियम लोहाच्या आड येतं. गोळी एका वेळी, ताक-दूध दुसऱ्या वेळी. आणि तिच्यासाठी पालक उकळून पाणी फेकायचं नाही. त्याच भाजीची दोघांसाठी दोन रीती झाल्या, कारण दोघांच्या गरजा वेगळ्या.

संथवाहिनी

वाचता वाचता डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षांत बाबा एकदाही मागायचे थांबले नाहीत. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय, विचारते.

दूरदेशी

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे भारतीय दुकानात कोथिंबिरीची जुडी मिळते, पण पाणचट. अन्नमितींचा ९२ टक्क्यांचा आकडा वाचल्यावर कारण कळलं. वासही तसाच, नाममात्र. माझ्या एका सहकाऱ्याला कोथिंबीर साबणासारखी लागते, काही लोकांच्या वास ओळखणाऱ्या जनुकात फरक असतो म्हणे. त्याच्यासाठी डब्यात वेगळी भेळ नेतो.

माझा प्रश्न वडिलांबद्दल आहे. हृदयाची झडप बदलल्यापासून त्यांना रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी आहे. डॉक्टरांनी हिरव्या भाज्या जपून म्हणून सांगितलं, तेव्हापासून ते कोथिंबिरीचं एक पानही खात नाहीत. आई आमटीसुद्धा दोन पातेल्यांत करते. एवढं खरंच गरजेचं आहे का?

अन्नमिती

दूरदेशी, पालकात के जीवनसत्त्व १०० ग्रॅमला ४८० मायक्रोग्रॅमच्या आसपास, कोथिंबिरीत ३१०. दोन्हींत भरपूर. हे जीवनसत्त्व रक्त गोठायला मदत करतं, आणि वॉरफरिन नेमकं याच्या विरुद्ध काम करतं. त्यामुळे सावधगिरी बरोबर आहे. पण त्या सावधगिरीचा अर्थ शून्यावर आणणं नव्हे. रोजचं प्रमाण एकसारखं ठेवायचं. गोळीचा डोस त्यांच्या नेहमीच्या खाण्याशी जुळवलेला असतो. महिनाभर काहीच नाही आणि मग घरी लग्न म्हणून एका दिवशी पालक पनीर आणि दहा वड्या, हे धोक्याचं. आमटीवरची पाच ग्रॅम कोथिंबीर म्हणजे पंधरा मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व. ती रोज असेल तर डोस तिच्यासकट बसवता येतो. आईंचं दुसरं पातेलं वाचेल. पण बदल करण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) तपासून घ्या, स्वतःहून आज सुरू करू नका.

दूरदेशी

आईला आत्ताच फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, देवासारखी भेटली बाई. परवा भेट आहे, विचारून घेतो.

चुलवण

आता मी रक्ताबद्दल माझं सांगते. ओंजळ, तू पालक की कोथिंबीर यात अडकलीस, पण भाकरी कुठे गेली? आमच्या साताऱ्याकडे थंडीत बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, लेकुरवाळ्या बाईला अळिवाचे लाडू. लोखंडी तव्यावर भाकरी, लोखंडी कढईत भाजी. पालक कुणी रोज खात नव्हतं. पालेभाजी म्हणजे त्या त्या दिवसात जी येईल ती, चाकवत, राजगिरा, आंबट चुका, शेपू, तांदुळजा.

अन्नमिती

काकू, हे मी लिहायला हवं होतं. बाजरीत १०० ग्रॅमला लोह साडेसहा मिग्रॅच्या जवळ आहे. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे जवळपास ४ मिग्रॅ, पालकाच्या त्या ८० ग्रॅमच्या वाटणीपेक्षा जास्त. बाजरीतल्या फायटेटमुळे (धान्यातलं लोहाला धरून ठेवणारं द्रव्य) ते कमी शोषलं जातं हे खरं, पण सोबत लिंबू, पेरू किंवा कच्च्या कोथिंबिरीची चटणी असली की त्यातलं क जीवनसत्त्व लोहाला हात देतं. कोथिंबिरीचं खरं काम मला इथे दिसतं. ती स्वतः फार लोह आणत नाही, पण कच्ची आणि लिंबासकट खाल्ली तर बाकीच्या जेवणातलं लोह सोडवून घेते. म्हणून ती गॅस बंद केल्यावर घालायची. उकळत्या आमटीत घातली तर क जीवनसत्त्व आणि वास दोन्ही उडतात.

लोखंडी कढईबद्दल काकू बरोबर आहेत, विशेषतः टोमॅटो, चिंच, कोकम असं आंबट घातलेलं असलं तर. भाजी काळपट होते, होऊ द्या. फक्त शिजल्यावर तिच्यात ठेवू नका, काढून घ्या.

आणि ओंजळ, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात ५४ टक्के. हे घाबरवायला सांगत नाही. तुमच्या घरी काही चुकलं म्हणून हे झालं असं मनात आणू नका, एवढ्यासाठी सांगते. ९.८ भाजीने भरून निघणार नाही, ते गोळ्याच भरतील. भाजी पुढे ते टिकवायला. शाळा-कॉलेजात आठवड्याला लोह-फोलिक आम्लाची निळी गोळी मिळते, ती या उपचाराच्या गोळीसोबत घ्यायची का ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

सांबारवडी

देठांचं कुणी बोललं नाही. आमच्याकडे कोवळे देठ वडीत बारीक चिरून जातात, जाड देठ आमटीत. टाकत नाही.

अन्नमिती

टाकू नयेतच. वासही देठात भरपूर असतो. पिवळी पडलेली, चिकट झालेली पानं तेवढी काढा.

ओंजळ

काल रात्री सगळं करून पाहिलं म्हणून लिहिते. बाजरीची भाकरी, लोखंडी कढईत डाळ-पालक, वर लिंबू, आणि कच्च्या कोथिंबिरीची चटणी. सासूबाईंना मी हा धागा वाचून दाखवला. १०.९ चा आकडा ऐकून त्या म्हणाल्या, आम्हाला शाळेत हेच सांगायचे गं. मग स्वतःच जुडी निवडायला बसल्या. मुलीने पालकाचे तीन घास खाल्ले आणि चटणी संपवली. चहा साडेनऊला दिला, जरा रुसली. पुढची तपासणी तीन आठवड्यांनी आहे.

एकच अडचण. सकाळी कॉलेजच्या घाईत रोज चटणी वाटणं होत नाही. चार दिवसांची करून ठेवली तर चालेल?

चुलवण

चार दिवस नको, काळी पडते. जुडी निवडून न धुता कोरड्या पंचात गुंडाळून डब्यात ठेव, आठवडा निघतो. धुवायची ती वाटायच्या आधी. चटणीत लिंबू आधीच पिळ, म्हणजे रंग राहतो, आणि दोन दिवसांपुरतीच कर. दाणे नको घालूस फार, तिला हिरवीच आवडते म्हणालीस ना.

शेतबांध

आणि जुडी सकाळची घ्या. संध्याकाळपर्यंत तिच्यावर दहा वेळा पाणी मारलेलं असतं.